निळी टोपी आणि तिचा अधिकार

पैनगंगेच्या काठच्या झरी जामणीच्या मुलखांत बसून ऐकणाऱ्यास ढाका किंवा बोस्निया हीं नांवें फार लांबचीं वाटतील. तेथें कत्तल झाली तर तिच्याशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारलें तर तें गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु १९७१ च्या नोव्हेंबरची १५ तारीख आठवणारे वृद्ध अद्याप आपल्यांत आहेत. त्या दिवसापासून यवतमाळ जिल्ह्यांतील आडखेड्यांत जाणाऱ्या पाकिटावरहि पांच पैशांचें एक जादा तिकीट लागूं लागलें. अर्थखातें तेव्हां यशवंतराव चव्हाणांकडे होतें, आणि तो कर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठीं होता. जगानें ज्या संकटाकडे पाठ फिरविली, त्याचा खर्च आपल्या टपालानें असा थोडा थोडा उचलला.

त्या वर्षीं २५ मार्चच्या रात्रीं पाकिस्तानी लष्करानें ढाक्यांत कत्तल आरंभिली. बातमी दडलेली नव्हती. अमेरिकेच्या तेथील वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनीं तीनच दिवसांनीं आपल्या सरकारला तार करून हा निवडक वंशसंहार आहे असें कळविलें. ६ एप्रिलला त्यांच्या सहकाऱ्यांनीं सरकारच्या मौनाचा लेखी निषेध केला. फळ एवढेंच, कीं ब्लडसाहेबांस तेथून हलविण्यांत आलें. मृतांचा आंकडा आजहि वादांत आहे. बांगला देश तो तीस लाख सांगतो, इतर अंदाज त्याहून पुष्कळ कमी आहेत. सीमा ओलांडून आलेले निर्वासित मात्र सुमारें १ कोटि होते. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट यांनीं २० जुलैला सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांस खलिता धाडून धोक्याची जाणीव दिली. मंडळ या प्रश्नावर बसलें तें ४ डिसेंबरला, म्हणजे भारत-पाकिस्तान युद्ध पेटल्यावर! ७ तारखेस आमसभेनें १०४ विरुद्ध ११ मतांनीं युद्ध थांबवा, सैन्यें मागें घ्या, असा ठराव केला. माणसें मरत होतीं तेव्हां साडेआठ महिने जें साधलें नाहीं, तें तोफा ऐकूं येतांच तीन दिवसांत साधलें. आणि वंशसंहार हा गुन्हा ठरविणारा १९४६ चा ठराव याच आमसभेनें केलेला होता. तो मांडणाऱ्या तीन राष्ट्रांत क्यूबा व पनामा यांच्याबरोबर हिंदुस्थान होता.

त्या युद्धांत मराठा लाइट इन्फंट्रीचे एक अधिकारी लढले, सतीश नंबियार. ज्या दलांत महाराष्ट्रांतील गांवोगांवचे तरुण पिढ्यान् पिढ्या भरती होत आले, तेंच हें बेळगांवचें दल. नंबियारांस त्या लढाईंत वीरचक्र मिळालें. पूर्व बंगालमधील संहार शेवटीं शस्त्रानें थांबला. त्यांत भारताचे स्वतःचे हेतु नव्हते असें मी म्हणणार नाहीं. पण तो थांबला.

वीस वर्षांनीं याच नंबियारांच्या डोक्यावर संयुक्त राष्ट्रसंघाची निळी टोपी आली. १९९२ च्या मार्चांत युगोस्लाव्हियांत गेलेल्या संरक्षक दलाचे ते पहिले सेनापति झाले. काम नेमून दिलें होतें तें क्रोएशियांतील शस्त्रसंधि राखण्याचें; मुख्य ठाणें मात्र शेजारच्या बोस्नियांत, सारायेव्हो शहरीं ठेविलें होतें. एप्रिलांत युद्ध भडकलें तें नेमकें बोस्नियांत, आणि मे महिन्यांत तें ठाणेंच तेथून हलवावें लागलें. भोंवतीं गोळे पडत आहेत आणि त्यांविषयीं काय करावें हें आज्ञापत्रांत नाहीं, अशी ही स्थिति! शांतिरक्षक म्हणजे भांडणाऱ्या दोघांनीं हात आंवरल्यावर मध्यें उभा केलेला पंच. हात आंवरलेच नसतील, तर त्या बिचाऱ्यानें उभें राहून काय साधावें? त्याची बंदूक बहुधा त्याच्या स्वतःच्या रक्षणापुरती असते. वर्ष संपतांच मुदतवाढ नाकारून नंबियार परतले.

त्यानंतर सुमारें दीड महिन्यानें, १६ एप्रिल १९९३ रोजीं, सुरक्षा मंडळानें पूर्व बोस्नियांतील स्रेब्रेनिका हें मुसलमानांनीं भरलेलें गांव 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलें. पुढें अशीं सहा क्षेत्रें झालीं. तीं नीट राखावयाचीं तर ३४,००० सैनिक लागतील, असा सेनाधिकाऱ्यांचा हिशेब होता. मंडळानें मंजूर केले ७,६००. ठरावाला वर झालेले हात माणसें देण्याच्या वेळीं खिशांत गेले. ११ जुलै १९९५ रोजीं बोस्नियांतील सर्बांचें सैन्य गांवांत शिरलें, तेव्हां तेथें हॉलंडचे कांहीं शें सैनिक होते. मदतीस मागितलेलीं विमानें उशिरा आलीं आणि थोडे बॉम्ब टाकून गेलीं. पुढल्या कांहीं दिवसांत ८,००० हून अधिक पुरुष व मुलगे ठार मारले गेले. हा वंशसंहारच होय, असा निवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २००७ सालीं दिला.

मृतांच्या आयाबायका हॉलंडच्या कोर्टांत गेल्या. शांतिसैनिकांच्या छावणींत आश्रयास आलेल्या सुमारें ३५० पुरुषांना बाहेर काढून सर्बांच्या हातीं जाऊं दिलें, हा त्यांचा मुद्दा. २०१९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो मान्य केला. मात्र छावणींत राहते तरी त्यांची वांचण्याची शक्यता शंभरांत दहाच होती, म्हणून हॉलंड सरकारची जबाबदारीहि दहा टक्के धरली. संयुक्त राष्ट्रसंघावर दावाच चालूं शकत नाहीं, असें त्याच न्यायालयानें २०१२ सालीं ठरवून टाकलें होतें.