अक्काचा तानपुरा आणि मिरजेचे शिकलगार

आमच्या मनीषनगरात हल्ली प्रत्येक गल्लीत एक गिटारचा क्लास आहे. संध्याकाळी फिरायला निघालं की पाठीवर काळ्या पिशवीत गिटार अडकवलेली चार-पाच पोरं तरी दिसतातच. आमचा नातूही त्यातलाच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण हातात पुस्तकापेक्षा गिटारच जास्त. गेल्या वर्षी एकदा मोबाईलवर काहीतरी बघत तो म्हणाला, "आजोबा, माझी गिटार आठ हजारांची. आणि ही बघा, एकट्या माणसाने हाताने केलेली, काही लाखांची! हाताने केलेल्यात असं काय असतं हो?"

मी चाळीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही खोड अजून गेलेली नाही. पण या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. मग सहज लक्ष दिवाणखान्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे गवसणी घालून अक्काचा तानपुरा उभा होता. म्हटलं, "बाबा रे, त्याचं उत्तर त्या कोपऱ्यात आहे. पण त्याच्या तबलीला चीर गेलीय, म्हणून ते गप्प आहे."

नात्यातल्या मंडळींना हा तानपुरा आठवत असेल. १९६४ साली वडिलांनी तो मिरजेहून आणला. आम्ही तेव्हा महालात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. अक्का गाणं शिकत होती आणि गुरुजींनी सांगितलं होतं, "तानपुरा घ्यायचा तर मिरजेचाच घ्या." वडील कारकून. पुण्याला गाडी बदलून पुढे मीटरगेजने मिरजेला गेले आणि येताना तानपुरा मांडीवर आडवा धरून आले. दीड महिन्याचा पगार त्यात गेला. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी अक्काने तो जुळवला, तेव्हा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली.

अक्का लग्न होऊन अमरावतीला गेली, तानपुरा तिच्याबरोबर गेला. २०११ साली ती गेली आणि तो आमच्याकडे परत आला. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. मे महिन्यात लाकूड तडकतं आणि कूलर लावला की फुगतं. तीन-चार उन्हाळ्यांत तबलीला वीतभर चीर पडली. इथे एकाने सल्ला दिला, "काका, मोबाईलवर तानपुरा फुकट मिळतो. हा शोभेला ठेवा." ठेवला मग शोभेला. असो.

नातवाच्या त्या प्रश्नाने मात्र मला पुन्हा वाचायला बसवलं. मिरजेची ही कथा मोठी मजेदार आहे.

मिरज हे किल्ल्याचं गाव. आदिलशाहीपासून तिथे लष्कराचा राबता. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे, त्यांना चकाकी देणारे कारागीर म्हणजे शिकलगार. १८१८ साली पेशवाई बुडाली, हळूहळू तलवारींचं काम संपलं. हात तयार आहेत, पण कामच नाही! मिरज संस्थानचे पटवर्धन राजे गाण्याचे शौकीन. दरबारात उत्तरेकडचे गवई-वादक येत. त्यांची वाद्यं वाटेत बिघडत, आणि ती दुरुस्त करायला उत्तरेतच न्यावी लागत. असं सांगतात, की हे दुरुस्तीचं काम शिकलगारांपैकी फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ यांच्याकडे आलं. त्यांनी वाद्यं उघडून पाहिली, जोडली आणि साधारण १८५० च्या सुमाराला स्वतः नवी करायला घेतली. घराण्याचं आडनावच पुढे 'सतारमेकर' झालं. मिरजेत आजही त्यांची गल्ली आहे.

तलवार करणाऱ्या जातीच्या हातांनी तानपुरा केला, हे मला फार विलक्षण वाटतं. इतिहासाच्या तासाला मी लढाया आणि तह शिकवत आलो. १८१८ साल मुलांकडून घोकून घेतलं. पण लढाया संपल्यावर शस्त्रांच्या कारागिरांचं काय झालं, हा प्रश्न कुठल्या पाठाखाली नव्हता आणि मलाही कधी सुचला नाही.

वाद्यं आली तशी माणसंही आली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत गाणं शिकवत. फटाक्याने डोळे अधू झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तिथेच शिकले, आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले, पण त्यांना माती मिळाली ती मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसाला अजूनही तिथे गवई हजेरी लावतात. हे खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. म्हणजे गाणारा आणि करणारा यांच्यात एका गल्लीचंच अंतर होतं. एकाने कान द्यायचा, दुसऱ्याने हात.

तर सांगायचं म्हणजे, आम्ही आजोबा-नातू तानपुरा घेऊन मिरजेला निघालो. आता नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट जाते. एक पूर्ण दिवस आणि वर काही तास! सूनबाई म्हणाली, "बाबा, या वयात?" म्हटलं, माझ्या वडिलांनी मांडीवर आणला होता, मी निदान शेजारी बसून नेतो.

गाडीत नातवाने मला स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस याची गोष्ट सांगितली. हा सुतार. आजच्या गिटारीची ठेवण त्याने बसवली, तीसुद्धा आपल्या फरीदसाहेबांच्याच काळात. वाद्याचा आवाज कुठून येतो, यावर त्याचं मत पक्कं होतं : वरच्या पातळ फळीतून. ते सिद्ध करायला त्याने १८६२ साली एक गिटार केली. वरची फळी लाकडी, आणि पाठ व कडा चक्क कागदी पुठ्ठ्याच्या! ती आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. मला हसू आलं. म्हटलं, "अरे, आपल्याकडे तर मागची बाजू भोपळ्याचीच असते."

मिरजेत ज्या कारागिरांकडे आम्ही गेलो, त्यांची पन्नाशी उलटलेली. लांब खोली, भिंतीला टांगलेले भोपळे, जमिनीवर लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. हे भोपळे भाजीचे नव्हेत, कडू जातीचे. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. शेतकरी ते वाद्यासाठीच पिकवतात. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवायचा, तोंड कापायचं, आतला गर काढायचा आणि आतून काटक्यांचे टेकू देऊन त्याला हवा तसा फुगवटा आणायचा. गळा, दांडी आणि तबली तून नावाच्या झाडाच्या हलक्या तांबूस लाकडाची. घोडी पूर्वी सांबरशिंगाची असे. वन्यजीवांचे कायदे आले, तशी उंटाचं हाड, शिसवी किंवा कृत्रिम पदार्थ आले. शेवटी लाखेचं पॉलिश. भोपळा नागमोडी आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्या कलाने घ्यायचं. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून दोन तानपुरेही सारखे नसतात. नातवाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. यंत्राला सगळी लाकडं एका मापाची लागतात. हात मात्र समोरच्या लाकडाचं ऐकून घेतो.

उरलेलं अर्धं उत्तर जवारीत होतं. तानपुऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि म्हणून तो गुंजारव उठतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो नेमका करायचा. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आहे. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे स्थिर असणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. तानपुऱ्यात ते ऐकू येतात! रामन यांनी त्याचं कारण घोडीच्या ठेवणीत शोधलं. (हेच रामन १९१० च्या सुमारास हिशेबखात्यातले अधिकारी म्हणून आपल्या नागपुरात होते, हे किती नागपूरकरांना ठाऊक आहे?) पण रामन यांच्या आधी सत्तर वर्षं मिरजेचे कारागीर तो उतार कानशीने काढतच होते. त्याला माप नाही. कानशीचा एक हात मारायचा, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा एक हात. खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार उमटला की थांबायचं. एक हात जास्त पडला तर आवाज बसला, घोडी पुन्हा पहिल्यापासून.

त्यांनी आमची तबली उतरवली. आत डोकावले आणि गळ्याच्या आतल्या बाजूवरून बोटं फिरवायला लागले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, ह्ये आमच्या थोरल्या चुलत्यांचं काम हाय."

मी विचारलं, "कशावरून? आत तर फक्त दुकानाची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी दुकानाची, पटाशी चुलत्यांची. ते डावखुरे होते. बघा की, आतलं तासकाम उलटं गेलंय."

साठ वर्षं तो तानपुरा आमच्या घरात. अक्काने त्यावर किती पहाटे काढल्या असतील! अक्काच्या गुरुजींचं नाव आम्हाला पाठ. पण तो करणारा माणूस डावखुरा होता, एवढंसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं, आणि कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. चुलत्यांचं नाव त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "हे कुठे लिहिलं तर चालेल का?" ते हसले. "कशाला गुरुजी? आमच्यात नाव घालायची पद्धत न्हाई. वाद्य बोलतंय न्हवं, बास." म्हणून इथे लिहीत नाही. वहीत आहे.

चहा आला. मी सवयीने विचारलं, "मुलं येतात का या कामात?"

म्हणाले, "थोरला पुण्यात कंपनीत हाय. धाकट्याला हात हाय, पण शाळेत त्याला गुरुजी म्हणाले, अभ्यास कर, न्हाईतर बापासारखं लाकूड तासत बसशील." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, रागाने नव्हे. समोर बसलेला म्हाताराही गुरुजीच आहे, हे बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. लगेच म्हणाले, "बरोबरच हाय म्हणा त्यांचं."

मला चहा गिळवेना. कारण ते वाक्य माझं होतं. १९८३-८४ ची गोष्ट असेल. माझ्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. शाळेच्या पेटीचा भाता फाटला होता, खिडकीत पडून होती. त्याने कुणाला न विचारता तो सांधला आणि पेटी वाजती केली. मी काय केलं? पेटीला परवानगीशिवाय हात लावला म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला : 'हातात कला आहे, अभ्यासात लक्ष नाही. पालकांनी समज द्यावी.' वडिलांनी समज दिली असणार. पुढे तो नववीला आला नाही. तो आज कुठे आहे, मला माहीत नाही. पेटी मात्र मी निवृत्त होईपर्यंत प्रार्थनेला वाजत होती.

कारागिरांची अडचण एकट्या आम्हा मास्तरांमुळे आली, असं मी म्हणणार नाही. १९७९ मध्ये बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला, मग तो मोबाईलमध्ये आला. चांगलं लाकूड महागलं. भोपळ्याचं पीक पावसाच्या मर्जीवर. एका तानपुऱ्याला लागणारे दिवस आणि हातात पडणारे पैसे यांचा मेळ बसत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही मोठी आनंदाची गोष्ट. दुसऱ्या गावचा माल 'मिरजेचा' म्हणून खपवायला आता कायद्याने आडकाठी आहे. पण मानांकन गावाला मिळतं. धाकट्याचा हात शाबूत राहायचा तर त्याला घरी आणि शाळेत कोणीतरी 'शाबास' म्हणावं लागेल. ते कुठल्या कायद्यात बसत नाही.

तानपुरा तिथेच ठेवून आम्ही परतलो. महिन्याभराने नातू एकटा जाऊन घेऊन आला. चिरेत त्याच लाकडाची बारीक कामटी बसवली आहे. नीट पाहिलं तर दिसते. त्यांनी निरोप दिला होता, "चीर लपवली न्हाई, भरली."

आता रोज संध्याकाळी नातू आधी तानपुरा जुळवतो. अजून त्याला धड जुळत नाही. खुंटी सरकते, मणी सरकतो, पोराच्या कपाळाला घाम येतो. पण गेल्या गुरुवारी खर्जाच्या तारेतून तो गंधार आला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, फक्त मान हलवली. मग लक्षात आलं, की इथेच तर बोलायला हवं. म्हटलं, "शाबास."

त्या सुताराच्या मुलाला ते म्हणायचं राहून गेलं. तो आता पन्नाशी ओलांडलेला असेल. आपल्यापैकी कोणी मास्तर असेल, किंवा कोणाच्या घरात हाताने काही करणारं पोर असेल, तर एवढंच सांगतो : शेरा लिहिण्याआधी जरा थांबा, आणि आधी त्या पोराचे हात बघा.