स्वयंचलित जुळणी : विश्वासार्हतेचे गणित

सुटे भाग यंत्रांच्या साहाय्याने ठरावीक क्रमाने जोडून वस्तू तयार करण्याच्या पद्धतीस स्वयंचलित जुळणी म्हणतात. या साखळीतील टप्प्यांच्या विश्वासार्हतेची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. शंभरपैकी ९९ वेळा बिनचूक काम करणारे एक यंत्र उत्तमच वाटते. मात्र अशी २० यंत्रे एकापाठोपाठ आली, की शंभरपैकी सुमारे ८२ नगच निर्दोष बाहेर पडतात. ५० यंत्रे असतील, तर जेमतेम ६०.

दोष पुढच्या टप्प्यावर जाऊ न देणे, हा त्यावरील जुना उपाय. जपानचे साकिची टोयोडा यांच्या १९२४ मधील स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबत असे. टोयोटाच्या वाहन कारखान्यांनी हेच तत्त्व 'जिदोका' या नावाने स्वीकारले. दोन टप्प्यांदरम्यान थोडे नग शिलकीत ठेवल्यास एका यंत्राच्या अल्पकाळ थांबण्याने सगळी साखळी बंद पडत नाही. शिलकीचा हा साठा फार वाढला, तर मात्र दोषही त्यातच दडून राहतात.

खरा लाभ बहुधा आराखड्यातच असतो. जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांच्या पद्धतीत प्रत्येक भागाबाबत तीन प्रश्न विचारले जातात : तो इतर भागांच्या तुलनेत हलतो का, वेगळ्या पदार्थाचा असणे अनिवार्य आहे का, जुळणीसाठी वा दुरुस्तीसाठी सुटा लागतो का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असल्यास तो शेजारच्या भागात सामावता येतो आणि त्याच्या जुळणीचा टप्पाच उरत नाही.

अमेरिकेतील टेस्ला कंपनीला २०१८ मध्ये याचा प्रत्यय आला. मॉडेल ३ मोटारीच्या बॅटरीवर काचतंतूंचा पातळ थर बसवणारा यंत्रमानव वारंवार अडखळत होता. त्याला सुधारण्याचे बरेच प्रयत्न झाल्यावर तो थर मुळात आवश्यकच नसल्याचे आढळले आणि थरासह यंत्रमानवही हटवण्यात आला. अतिरेकी स्वयंचलन ही चूक होती, अशी कबुली कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीरपणे दिली.

आयबीएमने १९८० च्या दशकात यंत्रमानवांकडून जुळवण्यासाठी 'प्रोप्रिंटर' हा मुद्रक बेतला होता. भाग कमी करून ते स्क्रूविना एकमेकांत अडकतील, अशी रचना करण्यात आली. परिणामी तो हातानेही काही मिनिटांत जोडता येऊ लागला.