ठासणीचं रिव्हॉल्व्हर आणि माझी चूक

मंडळी, ही गोष्ट जबलपूरच्या पोस्टिंगमधली. मी नवा कॅप्टन. जनरलसाहेबांची भेट ठरली आणि मेस चकाचक करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तिथल्या काचेच्या कपाटात एक काळपट, तपकिरी पडलेलं रिव्हॉल्व्हर होतं. खाली चिठ्ठी : 'बोमाँट-अ‍ॅडम्स, १८५६'. मी ते पॉलिश पेपरने घासून आरशासारखं करून घेतलं. शाबासकीही मिळाली.

काही महिन्यांनी आमच्या आर्मरर हवालदारांनी ते हातात घेतलं. उजव्या बाजूची छोटी झडप उघडली, सिलिंडर फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "साहब, ये बाद में बदला हुआ है. और आपने रंग नहीं, इसका रेकॉर्ड उतार दिया."

त्यांचं म्हणणं कळायला मला बरंच वाचावं लागलं.

ब्रिटिश फौजेने १८५६ मध्ये स्वीकारलेलं मूळ बोमाँट-अ‍ॅडम्स हे पाच बारांचं, ठासणीचं रिव्हॉल्व्हर. बोमाँट हा रॉयल इंजिनिअर्सचा लेफ्टनंट. घोडा अंगठ्याने मागे ओढून नेम धरा, नाहीतर नुसता चाप ओढत बार काढा, अशी दोन्ही सोय त्याने करून दिली. १८५७-५८ च्या धामधुमीत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला हे असे. पण भरणं जिकिरीचं. प्रत्येक घरात समोरून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे केप बसवायची. पावसात दारू सर्द व्हायची. फुटलेल्या केपेचा तुकडा यंत्रात अडकला की सिलिंडर फिरत नसे. पाच बार संपले की तलवारच.

मग धातूचं काडतूस आलं. गोळी, दारू आणि केप एकाच नळकांड्यात. बार होताना नळकांडं फुगतं आणि मागून वायू सुटू देत नाही. ज्या एन्फिल्ड रायफलीच्या दाताने तोडायच्या कागदी काडतुसावरून १८५७ पेटलं, तीच रायफल १८६६ पासून मागून उघडणारी स्नायडर झाली. हजारो जुनी हत्यारं भंगारात काढण्यापेक्षा बदलून वापरणं स्वस्त होतं. रिव्हॉल्व्हरचंही तेच झालं. १८६८ च्या सुमारास जॉन अ‍ॅडम्सच्या पद्धतीने जुन्या सांगाड्यावर आरपार भोकांचा नवा सिलिंडर बसला. काडतूस घालायला बाजूला झडप आणि रिकामं नळकांडं ढकलायला दांडा आला. काडतूस .४५०.

आपल्या शिपायांना हा बदल उशिरा मिळाला, आणि तोही उतरलेल्या कपड्यासारखा. मैवंदला, २७ जुलै १८८० रोजी, ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे नव्या मार्टिनी-हेन्री होत्या. शेजारी लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सच्या हातात स्नायडर होत्या.

काही संग्राहकांना असं बदललेलं हत्यार 'बाटलेलं' वाटतं. मला आता उलट वाटतं. त्याच्या अंगावर दोन काळ असतात. सांगाड्याचा नंबर आणि सिलिंडरचा नंबर जुळतो का, जुन्या आणि नव्या भागांचा रंग कुठे वेगळा पडतो, कानशीच्या खुणा कुठे आहेत, यावरूनच काम शस्त्रशाळेत झालं, बाजारातल्या कारागिराने केलं, की कालपरवा कुणी किंमत वाढवायला केलं, याचा अंदाज बांधता येतो. आमच्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडरवरचा नंबर उथळ होता. तो माझ्या पॉलिश पेपरने गेला. ते कुठे आणि कधी बदललं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून माजी सैनिक बांधवांना एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेत असं काही निघालं तर घासू नका आणि काडतूस घालून बघू नका. जुनं आहे म्हणून लायसन्स लागत नाही, असंही समजू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही ज्यातून बार निघू शकत नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. आधी पोलीस ठाण्यात कळवा. फोटो काढून ठेवा, नंबर लिहून ठेवा.

बदली होण्याआधी मी कपाटातली चिठ्ठी बदलली : 'अ‍ॅडम्स, मूळ ठासणीचं, नंतर काडतुसासाठी बदललेलं. सिलिंडरवरचा नंबर पॉलिशमध्ये नष्ट.' खाली माझं नाव आणि हुद्दा लिहिला.

जय हिंद.