मंगळावरचे शत्रू आणि मदनपुऱ्यातला प्लेग

२०२० सालच्या टाळेबंदीत माझ्या भाच्याने एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी वाचून काढली आणि मला फोन केला. म्हणाला, "मामू, शेवट फसवा आहे. तोफा हरल्या, फौजा पळाल्या. मग एके दिवशी मंगळावरचे ते प्राणी आजारी पडून आपोआप मरतात. माणसाने केले काय?"

त्याचे हे मत नवे नाही. जवळपास सव्वाशे वर्षे वाचक या शेवटावर भांडत आले आहेत. भाच्याला उत्तर द्यावे म्हणून मी पुस्तक पुन्हा हाती घेतले आणि त्या भांडणाच्या मागचा इतिहास शोधू लागलो. तो शोध मला लंडनहून थेट मुंबईच्या मदनपुऱ्यात घेऊन आला.

कादंबरी १८९७ मध्ये 'पिअर्सन्स मॅगझिन'मध्ये क्रमशः छापली गेली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. कथा साधी आहे. मंगळावरून धातूची नळकांडी इंग्लंडात येऊन पडतात. त्यांतून निघालेले प्राणी तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून उष्ण किरणांनी आणि विषारी काळ्या धुराने गावे उद्ध्वस्त करतात. लंडन रिकामे होते. शेवटी हे आक्रमक पृथ्वीवरच्या सूक्ष्म जंतूंना बळी पडतात, कारण त्या जंतूंशी लढण्याची शक्ती त्यांच्या शरीरात नसते.

ज्यांना हा शेवट पटत नाही त्यांनी कादंबरीची सुरुवात पुन्हा पाहावी. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबातले जीव माणसाने न्याहाळावेत, तसे कोणीतरी आपल्याला न्याहाळत होते, ही उपमा वेल्स यांनी आरंभीच दिली आहे. म्हणजे जंतू पहिल्या पानापासून कथेत हजर आहेत. वेल्स हे थॉमस हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिन यांना हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला. त्याच साली वेल्स यांनी पटकीचे जंतू चोरणाऱ्या माणसाची एक कथा लिहिली होती. तेव्हा हा शेवट लेखकाने आयत्या वेळी आकाशातून पाडलेला नाही.

पण वाचकांचे मोठे भांडण वेगळ्याच मुद्द्यावर आहे. पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियाची आठवण काढतात. युरोपियनांनी तिथल्या मूळ रहिवाशांचा पन्नास वर्षांत संहार केला. मग मंगळावरच्यांनी तोच न्याय आपल्याला लावला तर आपण तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असा त्यांचा सवाल आहे. ही कल्पना मुळात त्यांचे भाऊ फ्रँक यांच्या बोलण्यातून निघाली आणि पुस्तकही त्यांनाच अर्पण केले आहे. येथे एक दुरुस्ती केली पाहिजे. टास्मानियाचे मूळ लोक समूळ नष्ट झाले, असा त्या काळी समज होता. प्रत्यक्षात त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि आपला हक्क मागत आहेत.

साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्यालाच आरसा दाखवणारा हा सवाल किती वाचकांनी मनावर घेतला? अमेरिकेतल्या वाचकांनी तर फार नाही. तिथल्या वृत्तपत्रांनी वेल्स यांच्या संमतीशिवाय कथेची गावे बदलून लढाई न्यूयॉर्क आणि बॉस्टनला नेली. १८९८ मध्ये गॅरेट सर्व्हिस यांनी एक पुढची कथा लिहिली. तिच्यात शास्त्रज्ञ एडिसन स्वतः मंगळावर चालून जातात आणि सूड घेतात. आपल्यावर आक्रमण झाले या कल्पनेने बेचैन होण्याऐवजी आपणच पुढचे आक्रमण करावे, असे या वाचकांना वाटले.

३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी ही कथा रेडिओवर बातम्यांच्या रूपात सादर केली. सारी अमेरिका रस्त्यावर आली, ही हकीकत आपण शाळेपासून ऐकतो. ती वृत्तपत्रांनी बरीच फुगवली होती, असे आता अभ्यासक सांगतात. घाबरले ते मात्र खरेच होते, आणि त्यांतल्या काहींना मंगळाऐवजी जर्मनीचाच हल्ला झाला असे वाटले. १९४९ मध्ये इक्वेडोरच्या कितो शहरात असाच प्रयोग झाला, तेव्हा फसवणूक कळताच चिडलेल्या जमावाने रेडिओची इमारत पेटवली आणि त्यात माणसे मेली. वाचक असो की श्रोता, तो आपल्या काळाची भीती घेऊनच कथेजवळ येतो.

आता आपल्याकडे वळू. इंग्लंडात ही कादंबरी महिन्यामागून महिना छापली जात होती, त्या वेळी मुंबईत काय चालले होते? सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माणसे शहर सोडून पळू लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, रोग्याला उचलून नेण्याचे, सामान जाळण्याचे अधिकार मिळाले. मुंबईहून हजला जाणाऱ्यांची वाटही बंद झाली. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे आपण शाळेत शिकतो.

शाळेत न शिकवलेला प्रसंग ९ मार्च १८९८ चा आहे. मदनपुरा ही उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती. तिथे प्लेगच्या तपासणी पथकाने एका विणकराच्या आजारी मुलीला इस्पितळात नेण्याचा प्रयत्न केला. घरच्यांनी आणि मोहल्ल्याने विरोध केला. दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल शहरभर पसरली. परक्या पुरुषांनी घरात घुसून आजारी मुलीला हात लावावा, ही गोष्ट पुण्याच्या ब्राह्मणवाड्याला जितकी असह्य होती तितकीच मदनपुऱ्याच्या विणकराला होती. राग एकच होता. पुण्याचा राग राष्ट्राच्या इतिहासात गेला आणि मदनपुऱ्याचा राग 'अडाणी जमावाची दंगल' म्हणून सरकारी कागदांत उरला.

वेल्स यांची कथा त्या विणकराने वाचली असती तर? त्याला मंगळावरच्या लोकांची ओळख करून द्यावी लागली नसती. कळत नाही अशी भाषा, पुढे उभे राहता येत नाही अशी सत्ता आणि घरातले माणूस उचलून नेणारे हात त्याने पाहिलेच होते.

पण येथे थांबलो तर आपणही अर्धाच इतिहास सांगू. प्लेग खरा होता आणि लसही खरी होती. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला भीत होते, तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, तेही एकदा नव्हे. शेकडो खोजा कुटुंबे त्यांच्यामागे गेली. सोजीर पाठवून जे साधले नाही ते विश्वासातल्या माणसाने दंड पुढे करून साधले. पुढे सरकारनेही सक्ती बरीच सैल केली.

वेल्स यांनी जंतूला आक्रमिताचा मित्र केले. इतिहासात बहुधा उलटे घडले. १५२० मध्ये मेक्सिकोत देवीची साथ आली, अझ्टेकांचा राजा क्वित्लाहुआक तिच्यात गेला आणि पुढच्याच वर्षी राजधानी स्पॅनिशांच्या हाती पडली. पण वेल्स यांच्या शेवटाला आधार अगदीच नाही असे नाही. पश्चिम आफ्रिकेत हिवतापाने शेकडो वर्षे युरोपियनांना किनाऱ्यावरच रोखून धरले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते नियमित क्विनाइन घेऊ लागले आणि आतली वाट खुली झाली. मंगळावरच्यांजवळ सारी यंत्रे होती, फक्त क्विनाइन नव्हते.

मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. साथ जगभर होती, पण आपल्या देशात काही दिवसांतच तिला एका जमातीचे नाव दिले गेले. निजामुद्दीनच्या मरकजच्या बातम्या दिवसरात्र चालल्या आणि भाजीच्या हातगाडीवाल्याला आधी नाव विचारले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे निरीक्षण नोंदवले. हा निकाल किती वाहिन्यांनी तितक्याच जोराने सांगितला, ते वाचकांना ठाऊक आहे.

भाच्याला मी हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मामू, त्या पुस्तकात मंगळावरचे कोण आणि आपण कोण, हे वाचणारा कुठे उभा आहे यावर ठरते?" मी म्हटले, "हो. आणि साथीत कधी कधी आपल्याच गल्लीतल्या माणसाला मंगळावरचा ठरवतात, हेही त्यात धर."

शेवट फसवा आहे की नाही, यावर आमचे अजून एकमत नाही. पण एक गोष्ट आम्ही ठरवली. त्या चार महिन्यांत आमच्या मोहल्ल्यात काय झाले, कोणी कोणाला दूध पोचवले, कोणाच्या दफनाला किती माणसे होती, कोणाला दारातून परत पाठवले गेले, हे त्याने वहीत लिहायला घेतले आहे. मदनपुऱ्याच्या त्या विणकराची बाजू सांगणारी वही आपल्या हाती नाही. आपल्या घराघरांतली २०२० ची वही तरी असली पाहिजे.