फैजपूरचा ठराव आणि कौन्सिल हॉलमधली बाकं

मंडळी, अध्यक्ष आपल्या विचारांचा मिळाला की धोरणही आपल्या बाजूला वळतं, असं आपण सहज धरून चालतो. खरंच तसं होतं का? आज आपण हे आपल्या खानदेशातल्याच एका घटनेवरून तपासून पाहू.

27 आणि 28 डिसेंबर 1936. यावल तालुक्यातलं फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौच्या व्यासपीठावरून नेहरूंनी समाजवादाचा उघड पुरस्कार केला होता. परिणाम काय झाला? जूनअखेर त्यांच्याच कार्यकारिणीतल्या सात जणांनी राजीनामे दिले. वल्लभभाई, राजेंद्रबाबू, राजाजी ही त्यातली नावं. गांधीजी मध्ये पडले, राजीनामे मागे घेतले गेले. पण एक गोष्ट उघड झाली : अध्यक्षांचं तोंड एकीकडे होतं आणि गाडा ओढणाऱ्यांचं दुसरीकडे.

अशा परिस्थितीत फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. शेतसारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट द्या, कर्जाचं ओझं हलकं करा, कुळाला जमिनीवर कायमचा हक्क द्या, वेठबिगार बंद करा, शेतमजुराला पोट भरेल एवढी मजुरी द्या. कापूस पिकवून सावकाराच्या वहीत अडकलेल्या पूर्व आणि पश्चिम खानदेशच्या, म्हणजे आजच्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या, शेतकऱ्याला यातला एकही शब्द समजावून सांगायची गरज नव्हती.

आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. ‘असावं’ आणि ‘आहे’ यांतलं अंतर मोजणं हा आमचा जुना धंदा. ठराव म्हणजे ‘असावं’. तो ‘आहे’ व्हायचा तर कायदा लागतो आणि कायद्याला लागतात आमदार. म्हणून खरी परीक्षा फैजपूरच्या मंडपात झालीच नाही. ती झाली दोन महिन्यांच्या आत, 1937 च्या प्रांतिक निवडणुकांत.

मुंबई विधानसभेच्या 175 जागांपैकी काँग्रेसला 86 मिळाल्या आणि जुलैत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. पण मत कोणाला होतं? मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींमुळे देशातल्या जेमतेम सातव्या हिश्श्याला. ज्या शेतमजुराला मजुरीचं वचन दिलं, त्याच्यापैकी बहुतेकांच्या हाती मतपत्रिका आलीच नाही. मग सभागृहात त्याच्यासाठी भांडणार कोण?

इथे डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष महत्त्वाचा ठरतो. ऑगस्ट 1936 मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने 17 उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आणले. सरकार पाडण्याइतकं हे बळ नव्हतं, पण सरकारला प्रश्न टाळता येऊ नये इतकं नक्की होतं. सप्टेंबर 1937 मध्ये बाबासाहेबांनी कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी कामगारांनी संप केला. बाकावरचा आवाज आणि रस्त्यावरचा आवाज एक झाला की काय होतं, ते इथे दिसतं.

फळ काय मिळालं? ते अर्धंमुर्धंच होतं. कलह विधेयक मंजूर झालंच. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने. 1939 चा कूळकायदा सुरुवातीला मोजक्या भागापुरता राहिला. सगळ्या प्रांताला तो लागू झाला 1946 मध्ये. म्हणजे फैजपूरच्या ठरावानंतर जवळजवळ दहा वर्षांनी! त्या दहा वर्षांत ज्यांच्या हातची जमीन गेली, त्यांना ठरावाचा काय उपयोग?

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही, बरं का. त्याच काळात अमेरिकेत 1934 च्या निवडणुकीने रूझवेल्ट यांच्या पक्षाचं बळ वाढवलं आणि 1935 मध्ये कामगार संघटनांच्या हक्काचा व सामाजिक सुरक्षेचा असे दोन मोठे कायदे झाले. पुढे 1938 मध्ये स्वपक्षातल्या सनातन्यांना हटवण्याचा त्यांचा प्रयत्न बहुतेक ठिकाणी फसला, विरोधकांच्या जागा वाढल्या आणि सुधारणांची गाडी रुतली. माणूस तोच, पद तेच. बाकांवरची माणसं बदलली.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : अध्यक्ष असो की मुख्यमंत्री, त्याचं भाषण ऐकून घरी जाऊ नये. आपल्या तालुक्यातून कोण गेला, कूळ, मजूर, आदिवासी यांच्या प्रश्नावर त्याने हात वर केला की खाली ठेवला, हे विचारावं. फैजपूरच्या त्या शेतमजुराला मत नव्हतं. आपल्याला आहे.