ट्रम्पचा टॅरिफ आणि आपली पऱ्हाटी : १८६१ पासूनची जुनी गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. कापूस घरात असेल तर सवडीनं वाचा, नसेल तरी वाचा.)

मूर्तिजापूरच्या बसस्टँडजवळ चहा पीत होतो. टपरीवर विषय एकच, नगरपरिषद. २ डिसेंबर २०२५ ला मतदान होतं, कोणाचा नगराध्यक्ष, कोणाचं तिकीट कापलं, कोण कोणाच्या गाडीत दिसला. तेवढ्यात दर्यापूरकडचे एक ओळखीचे काका आले. साठी ओलांडलेले, सहा एकर पऱ्हाटी. मला पाहून म्हणाले, "भाऊ, तू पेपरवाला हायस, सांग बरं. कापूस ठेवू का इकू? तो ट्रम्प काय करून राह्यला?"

टपरीवरचे दोघे-तिघे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या अर्ध्या तासातला तोच एक नेमका राजकीय प्रश्न होता. आणि वऱ्हाडात तो पहिल्यांदा विचारला गेलेला नाही. १८६१ मध्ये काकांच्या खापरपणज्यानं कदाचित हाच प्रश्न विचारला असेल. फक्त तेव्हा ट्रम्पच्या जागी अब्राहम लिंकन होते.

ही कहाणी आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

■ आपल्या गावाच्या नावाचा कापूस

रेल्वे नव्हती तेव्हाही अमरावतीचा कापूस बाहेर जात होता. बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत. पाचशे मैलांचा रस्ता. पुढे तो मुंबईकडे वळला आणि तिथून इंग्लंडला जायला लागला. लिव्हरपूलच्या बाजारात भारतातल्या कापसाच्या एका प्रतीचं नावच 'ऊमरावती' पडलं, बोलताना 'ऊमरा'. उमरावती म्हणजे आपली अमरावती. तिथल्या दलालाला हे गाव नकाशावर दाखवता आलं नसतं, पण त्याचा भाव तोंडपाठ होता.

१८५३ मध्ये निजामानं हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. कागदावर मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून खूप खटपट केली, १८७६ मध्ये लंडनपर्यंत जाऊन आले. इंग्रजांनी दाद दिली नाही. शेवटी १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्यानं घेऊन टाकलं. काळ्या जमिनीचा आणि कापसाचा हा मुलूख सोडायला ते तयार नव्हते.

■ १८६१ : युद्ध तिकडं, तेजी इकडं

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. ब्रिटनच्या कापसाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडून येई. तो पिकवत होते गुलाम मजूर. एप्रिल १८६१ मध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं. लिंकननी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि कापूस अडकला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगारांवर उपासमारीची वेळ आली.

मँचेस्टरवाल्यांनी यापूर्वीच, १८५७ मध्ये, कॉटन सप्लाय असोसिएशन काढून ठेवली होती. एकट्या अमेरिकेवर अवलंबून राहणं धोक्याचं आहे हे त्यांना कळत होतं. आता सगळ्यांची नजर हिंदुस्थानावर आली आणि त्यातही वऱ्हाड, खानदेश, गुजरातवर.

मुंबईत भाव काही पटींनी चढले. गाद्यांतला कापूस काढून विकल्याच्या गोष्टी त्या काळातल्याच. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी लागली. जमिनीची मोजणी करून, रोख सारा ठरवून मुंबईसारखी रयतवारी पद्धत वऱ्हाडात याच काळात लागू होत होती. सारा रोखीत भरायचा, रोख कापसातूनच मिळायची. सावकारही मोकळ्या हातानं कर्ज द्यायला लागला, कारण तारण म्हणून आता जमीन होती आणि जमिनीत पांढरं सोनं होतं.

मुंबईत तर वेड लागलं होतं. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळाचे राजे. बँका, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या, शेअर, सगळं कापसाच्या पैशावर. आज मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो ना, तो त्यांनीच दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं उभा आहे. कापसाच्या त्या दौलतीत आपल्या काळ्या मातीचाही वाटा होता.

■ १८६५ : एक बातमी आली आणि सगळं बसलं

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपल्यात जमा झालं. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार ही बातमी पोचताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा शेअरच्या वायद्यांचा हिशेब चुकवायचा दिवस होता, त्या दिवशी मुंबईत भलेभले बुडाले. प्रेमचंदही.

मुंबईच्या पेढ्या बुडाल्याचं इतिहासात लिहिलं आहे. वावरात काय झालं ते कमी लिहिलं आहे. भाव उतरला, पण सारा उतरला नाही. तेजीत काढलेलं कर्ज मंदीत फेडायचं होतं. ज्वारीचं वावर पुन्हा ज्वारीकडं नेणंही सोपं नव्हतं, कारण हप्त्यासाठी रोख पाहिजे आणि रोख कापसातच.

कापसाचा भाव पडला म्हणून इंग्रजांनी वऱ्हाडचा नाद सोडला नाही. उलट पक्का बंदोबस्त केला. १८६७ पर्यंत रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी 'कॉटन कमिशनर' नेमले, रिव्हेट-कार्नाक नावाचे. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले, रेल्वेच्या फाट्यासाठी आणि कापूस बाजारासाठी. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली. म्हणजे साधारण वर्षभरात खामगावच्या बाजारातून लिव्हरपूलला माल जायचा रस्ता जवळ झाला आणि लिव्हरपूलचा भाव खामगावात कळायचा वेळ महिन्याचा दिवसांवर आला.

पण तार कोणाच्या हातात होती? पेढीवाल्याच्या. बंडी घेऊन आलेल्याला भाव कळायचा तो पेढीवाला सांगेल तेवढाच.

पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला, छप्पनचा म्हणून जुने लोक ज्याचं नाव घेत. तोवर रेल्वे होती, बाहेरून धान्य येऊ शकत होतं. प्रश्न ते विकत घ्यायच्या पैशाचा होता. ज्या मुलखानं जगाला कापूस दिला, तिथली माणसं भाकरीसाठी खडी फोडायला गेली.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९७ मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन आपल्या अमरावतीत भरलं होतं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. तेव्हाचा एक ताजा राग होता १८९६ चा कर. मँचेस्टरच्या मालाला त्रास नको म्हणून सरकारनं हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला होता. तो हटायला जवळपास ३० वर्षं लागली. म्हणजे टॅरिफ हा शब्द आपल्याकडं आत्ता आला असेल, त्याची मार जुनी आहे.

■ आपलं सरकार आलं, मग?

इथं मला दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते शिव्या देणार, पण लिहितो.

महाराष्ट्रानं १९७२-७३ पासून कापूस एकाधिकार खरेदी आणली. हेतू चांगला होता, दलालाच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. सुरुवातीला आधारही मिळाला. पण चुकारे रखडायचे. बाहेर भाव जास्त असला की कापूस रातोरात मध्य प्रदेश, आंध्रात जायचा, कमी असला की तिकडचा इकडं यायचा. योजना तोट्यात गेली आणि २००० नंतर गुंडाळत आली.

२००४ च्या विधानसभेला काँग्रेस आघाडीनं क्विंटलला २,७०० रुपयांचं आश्वासन दिलं. सत्ता आली, तो भाव दिला नाही, उलट आधी मिळणारा ५०० रुपयांचा अग्रीम बोनसही बंद झाला. नंतरची वर्षं विदर्भानं कशी काढली ते सांगायला नको. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची मर्यादा होती, तिथं आपले कोरडवाहूवाले मोठ्या संख्येनं बाहेर राहिले.

मार्च २०१२ मध्ये केंद्रानं अचानक कापूस निर्यातबंदी केली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार म्हणाले, मला विचारलंच नाही. तेव्हाचे गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही बंदीला विरोध केला. शेतकऱ्याला भाव मिळू लागला की दिल्ली हात घालते, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता.

मग २०२५. कापसावर २०२१ पासून ११ टक्के आयात शुल्क होतं. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला, तो २७ ऑगस्टपासून लागू झाला. कापड उद्योग अडचणीत येणार म्हणून केंद्रानं १९ ऑगस्टपासून कापसाचं आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ३१ डिसेंबर म्हणजे काय, तर आपली पहिली-दुसरी वेचणी बाजारात येण्याचा सगळा काळ.

कापड गिरण्यांची अडचण खोटी नाही. तिरुपूर, इचलकरंजीच्या कामगारांचंही पोट आहे. पण पेरणी जूनमध्ये झाली आणि नियम ऑगस्टमध्ये बदलला. शेतकऱ्यानं ११ टक्क्यांच्या भिंतीआड पेरलं आणि भिंत पडल्यावर वेचलं.

सोयाबीनचंही तेच. १४ सप्टेंबर २०२४ ला खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं, विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं ते शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आलं. तारखा मी दिल्या, जोड तुम्ही लावा.

■ मग काकांना काय सांगितलं?

भाव सांगितला नाही. तो कोणीही ठामपणे सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. हिशेब मात्र सांगितला.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. म्हणून कापसाचा भाव दोन पायांवर उभा असतो. रुईचा पाय न्यूयॉर्कच्या वायद्यावर, डॉलरवर आणि आयात शुल्कावर. सरकीचा पाय ढेपेवर आणि तेलावर. शुल्क माफ असलं की बाहेरची गाठ स्वस्त पडते आणि जिनिंगवाला आपल्याला तेवढाच भाव खाली सांगतो.

२०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता. खासगीत हजाराच्या आसपास कमी मिळत होता. म्हणजे ज्याचा माल सीसीआयकडं जाईल त्याचं ठीक. त्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पेरा आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. काकांची नोंदणी झालीच नव्हती. "पोरगं पुण्याले हाय, मोबाईल त्यालेच जमते," म्हणाले. १८७० ला तार पेढीवाल्याच्या हातात होती, २०२५ ला ॲप पुण्याच्या पोराच्या हातात. तिथंच बाकड्यावर बसून आम्ही पुण्याला फोन लावला. अर्ज भरला एकदाचा.

■ शेवटचं

दीडशे वर्षांत या बाजारात टिकलं कोण, तर ज्याला बातमी आधी कळली आणि ज्याला माल दोन महिने थांबवून ठेवता आला. शेतकऱ्याकडं दोन्ही नव्हतं, म्हणून तेजी आली तरी त्याचं कर्ज तसंच राहिलं.

मागणी एवढीच करायची : आयात शुल्क असो की निर्यातबंदी, निर्णय पेरणीच्या आधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका. यात कर्जमाफी नाही, अनुदान नाही, एक रुपयाही मागितलेला नाही. गिरणीवाल्यालाही यानं हिशेब करता येईल.

नगरपरिषदेच्या उमेदवाराच्या हातात आयात शुल्क नसतं, कबूल. पण त्याच्या प्रचाराला जे आमदार, खासदार आणि मंत्री येतात त्यांच्या पक्षाच्या हातात असतं. रस्ता, नाली, पाणी विचारून झालं की हा एक प्रश्नही विचारा. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये टाका. पक्ष कोणताही असू द्या, मी जसंच्या तसं छापतो.

आणि ॲपवरची नोंदणी वेळेत करून घ्या. शेजारच्या म्हाताऱ्या काकांचीही करून द्या बाप्पा.