गडग्यापलीकडे गेलेला छर्रा

गावच्या घराच्या माळ्यावर, जुन्या पाळण्याच्या आणि गणपतीच्या मखराच्या मागे, एक छऱ्याची बंदूक आहे. गोणपाटात गुंडाळलेली. नळी मधोमध मोडून छर्रा भरायचा, नळी पुन्हा सरळ करायची आणि चाप ओढायचा. सोबत पत्र्याची एक डबी आहे, तिच्यात डमरूच्या आकाराचे काळपट छर्रे. परवा मे महिन्यात माझ्या चुलतभावाने ती खाली काढली. पपया वांदरांनी खाल्ल्या होत्या, शहाळी अर्धी चोखून टाकली होती, आणि तो वैतागला होता. आजीने ओटीवरूनच एक नजर टाकली. म्हणाली, "ठेव वर. एक गडगो बंद करून झालो तिना."

गडगा म्हणजे आमच्याकडची बिनचुन्याची दगडी भिंत. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या आगराच्या मध्ये तो आहे. माझा जन्म १९९२चा. मला कळायला लागलं तेव्हापासून त्या गडग्यात एके ठिकाणी दगड वेगळे दिसायचे, उंचीला थोडे कमी आणि घाईने रचलेले. तिथे पूर्वी वाट होती. ती का बुजली, हे मला खूप उशिरा कळलं. त्या बंदुकीची चौकशी करता करता मी बराच लांब जाऊन आलो.

पिकाची राखण ही बंदुकीपेक्षा फार जुनी गोष्ट. देशावर ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा बांधायचा, त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, आरोळ्या द्यायच्या. कोकणात पत्र्याचे डबे वाजवायचे, माडाला पत्रा ठोकायचा, कुत्रा पाळायचा. तुकोबांची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल: त्यांना शेत राखायला बसवलं, पण त्यांनी पाखरांना हाकललंच नाही. मालक चिडून पंचांकडे गेला. शेवटी मोजणी झाली तेव्हा धान्य अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भरलं, असं सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्या गोष्टीत एक व्यवहार उरतो. राखणीत चूक झाली की प्रकरण चार माणसांत जायचं, कारण राखण चार माणसांना ऐकू यायची. गोफणीचा फटका, डब्याचा खडखडाट, आरोळी, सगळं शिवारभर पोचायचं. पलीकडच्याला कळायचं की पाखरं उठली, आता आपल्याकडे येतील.

छऱ्याच्या बंदुकीने हीच गोष्ट बदलली. तिचा आवाज फारसा होतच नाही.

दाबलेल्या हवेवर चालणारी बंदूक काही कालपरवाची नाही. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने गिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक वापरायला घेतली होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी असे. अमेरिकेत १८०४ ते १८०६ या काळात पश्चिमेचा मुलूख धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीकडेही हवेची बंदूक होती. वाटेत भेटणाऱ्या मूळ रहिवाशांपुढे ते तिचं प्रात्यक्षिक करत. तेव्हा ती महाग, नाजूक, अपूर्वाईची चीज होती. शतकभराने ती स्वस्त झाली. अमेरिकेत मिशिगनमधल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणारा एक कारखाना होता. १८८८मध्ये त्याने पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला छऱ्याची बंदूक भेट द्यायला सुरुवात केली. लोकांना भेटच इतकी आवडली की पुढे कारखान्याने पवनचक्क्या सोडल्या आणि बंदुकीचंच, म्हणजे 'डेझी' हे नाव लावलं. अशी ही बंदूक शेतकऱ्याच्या परसात आणि पोरांच्या हातात आली.

इंग्लंडमध्ये तिच्यासाठी जमीन आधीच तयार होती. तिथे १५३२ला आठव्या हेन्रीच्या काळात पिकं खाणाऱ्या कावळ्यांविरुद्ध कायदा झाला. १५६६मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात ती यादी खूप वाढली. मारलेल्या पाखराचं, प्राण्याचं डोकं आणून दाखवा आणि गावच्या चर्चच्या निधीतून पैसे घेऊन जा, असा तो प्रकार होता. एकोणिसाव्या शतकात तर खेडोपाडी चिमण्या मारणारी मंडळं होती. अशा देशात घरामागच्या बागेत छऱ्याची बंदूक चालवणं कुणाला वावगं वाटलं नाही. पण बागा छोट्या आणि कुंपणं जवळ. छर्रा कुंपण ओळखत नाही. आज तिथला कायदा सांगतो की हवेच्या बंदुकीचा छर्रा तुमच्या आवाराच्या हद्दीबाहेर गेला, आणि पलीकडे राहणाऱ्याची संमती नसेल, तर तो गुन्हा. मला हे वाचून गंमत वाटली. कायदा बंदुकीचा, पण त्यात मधोमध शेजारी उभा आहे.

ही बंदूक मुंबईतही पोचली होती. गिरगावजवळच्या खेतवाडीत मामाच्या घरी वाढणाऱ्या एका अनाथ मुलाला मामाने अशीच एक बंदूक दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. जन्म १८९६चा. दहाएक वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. भारतातल्या पक्षीअभ्यासाची एक मोठी वाट तिथून सुरू झाली.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातल्यासारखी सगळ्यांना माहीत असते. मला जास्त अडकवून ठेवलं ते त्याच वयातल्या त्याच्या दुसऱ्या एका नोंदीने. एका घरट्यात चिमणी अंडी उबवत होती आणि बाहेर नर पहारा देत होता. मुलाने नर पाडला. थोड्याच वेळात त्याच्या जागी दुसरा नर येऊन बसला. त्याने तोही पाडला. असे सात दिवसांत आठ नर. प्रत्येक वेळी जागा रिकामी झाली की नवा हजर. शिकारीच्या हौसेने लिहिलेली ही नोंद परसातल्या बंदुकीचं अपयश नेमकं सांगते. तुम्ही पाखरू मारता, पण जागा तशीच राहते. दाणा तिथेच, फळ तिथेच, आणि रांगेत पुढचा उभाच असतो.

आता आमच्या आगरात परत येतो.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका बऱ्याच घरांत होत्या, अजून आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या. आजोबांची छऱ्याची बंदूक मात्र कधी कुठे जमा झाली नाही. तिला कुणी बंदूक समजतच नव्हतं. मुंबईहून येताना त्यांनी ती ट्रंकेत घालून आणली होती. आजही साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि वीस ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर अशा बंदुकीला शस्त्रपरवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे काहीही मारायची मुभा आहे असं नाही. ही गल्लत तेव्हा आजोबांनी केली, आणि आज बरेच जण करतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला संरक्षण दिलं. कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं अशा मोजक्यांची 'उपद्रवी' म्हणून वेगळी यादी ठेवली होती, तीही २०२२च्या दुरुस्तीने काढून टाकली.

आजोबा वांदरांना जिवे मारायचे नाहीत, असं आजी अजून ठासून सांगते. ते लांबून ढुंगणावर छर्रा मारायचे. वांदर कळवळून उडी मारायचे, गडगा ओलांडायचे, आणि थेट शेजाऱ्यांच्या कौलांवर. आमचा नारळ वाचायचा, त्यांची कौलं फुटायची. आवाज नसल्यामुळे त्यांना आधी कळायचंही नाही. कौल फुटलं की कळायचं. एकदा शेजारचे काका गडग्याशी येऊन म्हणाले होते, "भाऊ, तुमी वांदरांक हाकलतास, ते आमच्या कौलार येतत. तुमच्या नारळांचो हिशोब आमी कौलांनी कित्याक भरूचो?" आजोबा हसले. हसायला नको होतं, असं आजी म्हणते.

१९८८च्या मे महिन्यात एक छर्रा चुकीच्या जागी लागला. वांदरीण होती. पोटाशी पिल्लू होतं. ती गडगा ओलांडून गेली आणि दोन दिवसांनी शेजाऱ्यांच्या विहिरीजवळ मेलेली सापडली. पिल्लाचं काय झालं, हे आजीने मला कधी सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. काकांनी खड्डा खणला, वांदरणीवर कोरं कापड घातलं, नारळ ठेवला, माती दिली. आमच्याकडे मारुतीच्या नात्याने वांदराला अशी माती देतात. वन खात्याकडे तक्रार केली असती तर आजोबा अडकले असते. काकांनी तक्रार केली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी गडग्यातली वाट दगड रचून बंद केली.

अकरा वर्षं ती बंद राहिली. चतुर्थीला त्यांची आरती आम्हाला ऐकू यायची, आमची त्यांना. बंदूक त्याच पावसाळ्यात माळ्यावर गेली. पण आजोबा माफी मागायला गेले नाहीत, आणि वाट उघडली नाही. १९९९च्या मे महिन्यात आमची विहीर आटली. हे मी स्वतः पाहिलंय, मी सात वर्षांचा होतो. आजी रिकामी घागर घेऊन गडग्याशी जाऊन उभी राहिली. हाक मारली नाही. काही वेळाने पलीकडून दगड सरकल्याचा आवाज आला. काका एकेक दगड उतरवत होते. आजोबा ओटीवरून उठले आणि अलीकडून दगड काढू लागले. दोघंही काही बोलले नाहीत. दुपारपर्यंत घागर जाईल एवढी वाट झाली होती.

त्यानंतर वांदर आले की ज्याला आधी दिसतील त्याने ओरडायचं, "वांदर इले!" दोन्ही बाजूंनी डबे वाजायचे. मग ते कुणाच्याच कौलांवर न थांबता वरच्या रानात जायचे. नुकसान थांबलं असं मी म्हणणार नाही. आम्ही केळी लावणं जवळजवळ सोडलं, पपई लावतो ती अर्धी त्यांची समजून. पण कुणाचं नुकसान कुणामुळे झालं, हा हिशोब मिटला.

२०२१मध्ये अरुणाचल प्रदेशात पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून लोकांनी स्वतःहून हवेच्या बंदुका सरकारकडे द्यायची मोहीम सुरू झाली. पुढे अशा दोन हजारांच्या वर बंदुका जमा झाल्या. तिथे पाखरं मारून खायची जुनी रीत, त्यामुळे सोडणं सोपं नसणार. ती बातमी वाचताना मला गोणपाटात गुंडाळलेली आमची एक आठवली.

चुलतभावाने ती परत वर ठेवली, कुरकुरतच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याचा फोन वाजला. शेजारच्या काकांच्या नातीचा मेसेज होता, दोनच शब्दांचा. तो चहा तसाच टाकून डबा घेऊन धावला.

वांदर इले होते.